सामाईक खोलीचा कारभारी

॥ श्री ॥

तालुक्याचं जेल,
दि. १६ एप्रिल १९८९

तीर्थस्वरूप दिनकरदादा यांच्या पायांवर (डोक्याला हात लावायला मी तोंड ठेवलं नाही, म्हणून पायांवरच) धाकटा चुलतभाऊ लिंबाजी याचा दंडवत. इकडे मी खुशाल आहे. तिकडे तुमचं डोकं कसं आहे? पाच टाके पडले होते, ते आतापर्यंत निघाले असतील. उन्हात पटका बांधल्याशिवाय बोरीच्या शिवारात फिरू नका. नर्मदावहिनींनी मला पारावरून शिव्या दिल्याचं कळलं, त्या मी वडीलधाऱ्यांचा प्रसाद म्हणून घेतल्या आहेत. दादा, मी तुमच्या डोक्यात खोऱ्याचा दांडा घातला हे मला मान्य आहे, कोर्टातही मान्य आहे. मात्र आपल्या सामाईक विहिरीवरच्या इंजिनाचं हँडल मी लपवलं, हा जो तुमच्या फिर्यादीतला दुसरा आरोप, तो मी फौजदारापुढे नाकारला होता आणि इथेही नाकारतो. त्या हँडलावाचून इंजिन बंद पडलं, तुमचा उन्हाळी भुईमूग माना टाकायला लागला, आणि तुम्ही आजोबांच्या वेळची मोट काढून बैल जुंपले, हे सगळं माझ्या बायकोने, सुमनने, इथे मुलाखतीला आल्यावर सांगितलं. दुसरं हँडल आणा म्हटलं तर तुम्ही म्हणालात म्हणे, ज्यानं नेलं त्याच्याच हातून घेईन. ताठपणा आपल्या घराण्यात आहेच, त्याला औषध नाही.

मी अजून आत का, असं लोक विचारत असतील. त्यांना सांगा की आपल्या भावकीत कोणी अडकलं तर जामीन राहायचे ते तुम्हीच, तुमचाच सातबारा चालायचा. आता तुमचंच डोकं फोडून तुम्हालाच जामीन राहा म्हणायला मी काही इतका कोडगा नाही. (विचार आला होता, पण पहिल्याच दिवशी.)

असो. पत्र लिहिण्याचं कारण निराळंच आहे. दादा, तुमच्या भावाने नाव काढलं. हसू नका. हे पत्र पाकिटात जायच्या आधी जेलरसाहेब वाचतात, त्यामुळे यात एक अक्षर खोटं लिहायची सोय नाही. (साहेबांनाही नमस्कार.)

इथे मागच्या अंगाला एक खोली आहे. आधी तीत फाटकी घोंगडी ठेवायचे, मग कोणा साहेबाने ती देवाधर्मासाठी मोकळी करून दिली. पूर्वेच्या भिंतीत एक कोनाडा, कोपऱ्यात पाण्याचा एक माठ, आणि जमिनीवर अंथरायला एक लांब सतरंजी. बस, एवढीच दौलत. आणि तिच्यावर हक्क सांगणारे साठ कैदी. त्यात भजनवाल्यांचा म्होरक्या राणीसावरगावचा सटवाजी. याच्यावर बैलचोरीची केस आहे. त्याचं म्हणणं, बैल आपणहून मागे आला. (बैलाची साक्ष अजून झालेली नाही.) नमाजवाल्यांचे वडील म्हणजे पालमचे मौलाचाचा पिंजारी. एसटीत गादी चढवू देईना म्हणून कंडक्टरला गादीखाली घातलं. आणि तिसरे आश्रुबा गुरुजी, रिटायर मास्तर, विद्यापीठाच्या नामांतरासाठी रस्ता अडवून बावीस माणसांसह आत आलेले. आम्हा बाकीच्यांना धरून आणलं आणि हे आपल्या पायांनी आले, त्यामुळे जेलात सगळ्यात मोकळेपणाने तेच वावरतात. कोनाड्यात एका अंगाला रामाची तसबीर आणि दुसऱ्या अंगाला बुद्धाची मूर्ती व बाबासाहेबांचा फोटो. नमाज पश्चिमेकडे, म्हणजे कोनाडा आपोआप पाठीमागे. भिंतींच्या वाटण्या अशा आधीच झाल्या होत्या, भांडण होतं ते वेळेचं.

मध्येच एक सांगतो, कारण तुम्ही विचारणारच. होय, माठ एकच. गुरुजींची माणसं त्यातूनच पितात. पहिल्या दिवशी मी दुपारपर्यंत तहानलेला बसलो. दुपारी प्यालो. संध्याकाळी ती गोष्ट माझ्या ध्यानातही राहिली नाही. गावात हे आपल्याला इतक्या वर्षांत का जमलं नाही याचं उत्तर मला सापडत नाही. तुम्हाला सापडलं तर कळवावं.

तर वेळ. परवाच्या चौदा तारखेला काय योग होता पाहा. रामनवमी, बाबासाहेबांची जयंती, आणि शुक्रवार, तोही रमजानचा पहिला जुम्मा. सगळं एका दिवशी, एका खोलीत, एका सतरंजीवर. त्यात शिपाई गावातल्या मिरवणुकांच्या बंदोबस्ताला गेलेले, म्हणून खोली उघडायची ती फक्त अकरा ते दीड. साहेबांनी आठ दिवस आधी सगळ्यांना उभं करून सांगितलं की त्या दिवशी आवाज चढला तर खोलीला कायमचं कुलूप, मग आपापल्या बराकीत भिंतीकडे तोंड करून काय ते करा. सटवाजी म्हणाला, रामजन्म बाराला, पण जन्माच्या आधी तासभर कीर्तन नको का, असा कसा फट्‌दिशी जन्मेल देव? मौलाचाचा म्हणाले, एकला नमाज, पण त्याआधी गुलाल धुऊन फरशी वाळायला हवी. मग सगळ्यांनी मिळून गुरुजींकडे पाहिलं. तुमचं काय गुरुजी, तुमची वंदना सकाळी आवारात करा, नाहीतर संध्याकाळी, तुम्हाला कधीही चालतं. त्यावर गुरुजी शांतपणे म्हणाले, "आमचं कवाबी चालतंय, म्हणून तर आमाला कवाच मिळत न्हाई."

दादा, ऐकलंत का हे? आपल्या विहिरीवर नऊ वर्षं दुसरं काय चाललंय? तुमची आधी भाजी होती, मग भुईमूग आला, म्हणून दिवसाचं पाणी तुम्हाला. लिंबाजीचं काय, जनावरांचं कडवळ, त्याला कधीही पाणी चालतं. म्हणून नऊ वर्षं रात्रीची पाळी माझी. जी गोष्ट मला इतक्या वर्षांत धड बोलता आली नाही आणि शेवटी मी खोऱ्याच्या दांड्याने सांगितली, ती या माणसाने एका वाक्यात सांगितली. शिकलेला माणूस तो शिकलेला.

मी उठलो आणि म्हणालो, साहेब, ही खोली म्हणजे सामाईक विहीर समजा, पाळ्या मी लावून देतो. आजोबांनी घालून दिलेले नियम मला तोंडपाठ. ज्याची पाळी आज पहिली, त्याची पुढच्या खेपेला शेवटची. ज्याला कधीच दिवसाचं मिळालं नाही, त्याच्यापासून सुरुवात. पाळी संपली की उतरणाऱ्याने पुढच्याच्या वाफ्याचं तोंड आपल्या हाताने फोडून द्यायचं. आणि पाटात राहिलेलं पाणी पुढच्याचं. (हे नियम आजोबांनी घातले, तुम्ही मोडले आणि डोकं मी फोडलं. आपण दोघांनी मिळून आजोबांचं नाव असं राखलं.) खोलीला हिशेब असा लावला की अकराला गुरुजी, पावणेबाराला सटवाजी, एकला मौलाचाचा, आणि जो उतरेल त्याने पुढच्यासाठी खोली झाडायची, पुसायची, सतरंजी अंथरून द्यायची. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की तुमचं डोकं मीच फोडलं यावर त्यांचा विश्वास बसेना. तेव्हापासून आत मला कोणी लिंबाजी म्हणत नाही. कारभारी म्हणतात. शिपाईसुद्धा.

आणि चौदा तारखेला अकराच्या ठोक्याला सतरंजी गायब! गुरुजींची माणसं धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांत दारात उभी आणि जमीन उघडी. शिपाई शिट्टी तोंडाला लावायच्या बेतात. मी बराकीत जाऊन बघतो तर सटवाजी आपल्या अंथरुणावर टाळ घेऊन बसलेला, आणि ते अंथरूण रोजच्यापेक्षा वीतभर उंच. (ही सतरंजीही बहुतेक आपणहून मागे आली असावी.) मी त्याला उठवलं आणि सगळ्यांच्या देखत असा झापला की काय सांगू. म्हणालो, अरे, चोरी परवडली, मारामारी परवडली, पण सामाईक जिन्नस लपवून चौघांचं काम अडवणारा माणूस सगळ्यात हलका. तुला भांडायचं तर तोंडावर भांड, पाळी मोडायची तर चारचौघांत मोड, पण असं बुडाखाली दाबून काय बसतोस? सटवाजीने मान खाली घातली. मला वाटलं, वा लिंबाजी, काय बोललास! तेवढ्यात गुरुजी जवळ आले, सतरंजीचं दुसरं टोक धरलं, आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "लय बराबर बोललात कारभारी. आपल्या केसमधलं हँडल सापडलं का वो?"

जेलात प्रत्येकाला प्रत्येकाची केस पाठ असते. मला ठसका लागला. मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि सतरंजी घेऊन पुढे झालो. साहेबांसाठी पुन्हा लिहितो, की हँडलाबद्दल मला माहिती नाही.

पण पुढे जे झालं ते बघायला तुम्ही हवे होतात, दादा. गुरुजींची वंदना पाच मिनिटं आधीच आटोपली. मी म्हटलं, बसा की, वेळ आहे. तर म्हणाले, "तुमच्याच आजोबाचा नेम हाय न्हवं? पाटातलं पाणी पुढच्याचं." आणि त्यांच्या माणसांनी सतरंजी झटकून भजनवाल्यांसाठी सरळ केली, पाळण्याची दोरी बांधायला खुंटीसुद्धा धरली. नारळ जेलात आणू देत नाहीत (डोकी फोडल्याच्या केशी आत जास्त), म्हणून भटारखान्यातल्या लहानशा भोपळ्याला टोपरं घालून पाळण्यात निजवलं. पाळण्याच्या गाठी मौलाचाचांनी मारल्या, पिंजाऱ्याची गाठ सुटत नाही म्हणून. बाराला जन्म झाला. गुरुजी दारात उभे राहून बघत होते. सटवाजीने सुंठवड्याचा पहिला हात त्यांच्यापुढे केला, खाली बघतच, आणि त्यांनी तो घेतला. मग तोच सटवाजी गुडघ्यांवर बसून फरशी पुसायला लागला. एकदा पुसली, दोनदा पुसली, तिसऱ्यांदा पुसून विचारतो, चाचा, बघा वो, कुठं गुलाल ऱ्हायलाय का? रोजा धरलेले चाचा कोरड्या तोंडाने हसले आणि म्हणाले, "रैन दे रे. पैदाइश का घर है, इत्ता रंग तो रैताच."

एकला नमाज झाला. त्यांच्यानंतर कोणाची पाळी नव्हती, तरी चाचांनी सतरंजी झटकली आणि न येणाऱ्या पुढच्यासाठी नीट अंथरून ठेवली. आवाज चढला नाही. कुलूप लागलं नाही. साहेबांनी वहीत शेरा मारला की खोलीची व्यवस्था उत्तम, आणि कंसात माझं नाव लिहिलं. दादा, आपल्या घराण्याचं नाव सरकारी कागदात आजवर फक्त फिर्यादींत आलेलं आहे. शाबासकीत आलं ते पहिल्यांदा, आणि ते मी आणलं. मला अभिमान वाटतो, तो तुम्हाला नाही तर कोणाला सांगू? आजोबा असते तर त्यांना सांगितलं असतं.

तुमच्या डोक्याला आणि वहिनींच्या तोंडाला आराम पडो. बैलांना गूळ चारा, या वयात मोट ओढायला लावलीत.

तुमचाच,
लिंबाजी
(कारभारी)

ता. क. : सुमन सांगत होती की येत्या गुरुवारी, वीस तारखेला, तुम्ही कोर्टात तडजोडीचा अर्ज देऊन मला सोडवणार आहात. मन मोठं आहे तुमचं. पण घाई करू नये ही विनंती. मेच्या पहिल्या हप्त्यात ईद येते, वीसला बुद्धपौर्णिमा आहे, आणि पाळ्या मी तिथपर्यंत लावून ठेवल्या आहेत. गावात मी रात्री पाणी देणारा लिंब्या आहे, इथे मला विचारल्याशिवाय सतरंजी हलत नाही. तेवढा महिनाभर राहू द्या.

ता. क. दुसरा : वरचं सुमनला वाचून दाखवू नये.

ता. क. तिसरा : पाकीट बंद करता करता थांबलो. गुरुजी समोर बसले आहेत. ते काही बोलत नाहीत, तोच तर त्रास आहे. दादा, विहिरीत उतरा. तिसऱ्या पायरीच्या उजव्या अंगाला दगडाची खोबण आहे, लहानपणी आपण दोघं कैऱ्या लपवायचो ती. तिच्यात हात घाला. हँडल तिथेच आहे, फडक्यात गुंडाळून, तेल लावून ठेवलंय, गंजणार नाही. महिनाभर तुम्ही सगळं शिवार धुंडाळलंत, पण तिथे हात घालायचं तुम्हाला सुचलं नाही, याचा मला राग आला होता. हे साहेबही वाचतील. वाचू द्या. पहिली पाळी तुमची, दिवसाची, भुईमुगाला द्या. पुढच्या हप्त्यात दिवसाची माझी. मी आत असलो तर इंजिन सुमन सुरू करील, आणि तिच्या वाफ्याचं तोंड मात्र तुम्ही आपल्या हाताने फोडून द्या.