वसंताच्या टीव्हीमागची वायर

रत्नागिरी, गुरुवार, ५ डिसेंबर १९८५

आज सख्ख्या भावाशी खोटं बोललो. धाकटा वसंता दहा महिन्यांनी बोटीवरून आला, तो व्हिडिओ डिस्कचा प्लेयर घेऊन. ताटाएवढी तबकडी, आणि तिच्यातून सिनेमा! आईने तिच्या घरी सगळी आळी गोळा केली. पण दर दोन मिनिटांनी चित्र गायब. "दादा, तूच बघ रे," वसंता म्हणाला. आळीतले रेडिओ मीच दुरुस्त करतो ना.

टीव्हीमागच्या वायरीवर बोट दाबलं, चित्र आलं. बोट काढलं, गेलं. पिन सैल होती, एवढंच. पण आई जो येईल त्याला सांगत होती, "माझ्या वसंतानं जपानातून आणलंन!" मी इथेच राहून तिचं सगळं बघतो, त्याचं कधी एवढं कौतुक? म्हटलं, "प्लेयरच बिघडलाय. इथे नाही व्हायचा दुरुस्त." वसंताचा चेहरा उतरला.

आमच्या घरी परत आल्यावर मालती म्हणाली, "अहो, तुमचं बोट होतं तोवर चित्र छान दिसत होतं. मी पाहिलं." मान वर करवेना. सोल्डरिंगचं सामान घेतलं आणि तसाच परत गेलो.

आई एकटीच मजेत सिनेमा बघत होती. वसंता टीव्हीमागे जमिनीवर, वायर दाबून धरून. त्याला स्वतःला काहीच दिसत नव्हतं. "दादा, सापडलं! पिन सैल होती," तो हसून म्हणाला. माझं खोटं त्याला कळलं असेल का?

पिन जोडून दिली, कबुली नाही दिली. आणि खरं लिहायचं तर तेव्हाही हेवाच वाटला. आईसाठी असं मागे बसून राहणं मला सुचलंच नसतं.