स्टेशनमागच्या बाईंचा घास

बाबा, हिंजवडीहून परतताना कंपनीच्या बसमध्ये फोनवर हे लिहितेय. बस हलत नाही आणि मला स्वस्थ बसवत नाही. दोन ओळी लिहिते, पुसते, पुन्हा लिहिते. परवाच जर्मनीहून आले. कामासाठी गेले होते, पूर्वी राहायचे त्याच शहरात.

आई गेल्यावर मी तुम्हाला तिकडे नेलं, तो हिवाळा. शनिवार पेठेत उभा जन्म काढलेले तुम्ही, माझ्या हातचा वरणभात दोन घास खाऊन ताट सारायचात. म्हणून दर रविवारी तुम्हाला घेऊन मी तिथली भारतीय हॉटेलं पालथी घालू लागले. सगळीकडे तोच केशरी रस्सा, नाव तेवढं वेगळं. एका मालकाने कौतुकाने विचारलं, "कसं होतं जेवण, अंकल?" तुम्ही म्हणालात, "गरम होतं." बाहेर आल्यावर मी चिडले. "बाबा, तुम्हाला नेमकं हवंय तरी काय?" "मला भूकच लागत नाही गं. उगाच का फिरवतेस?" आणि तुम्ही पुढे चालू लागलात.

मग ती दुपार. ऑफिसातून फोन करतेय, तुम्ही उचलत नाही. घरी येते तर कोट नाही, कानटोपी नाही. बाहेर बर्फ. बाग, ट्रामचा थांबा, वाचनालय, सगळीकडे धावले. शेवटी स्टेशनमागच्या गल्लीत एका लहानशा हॉटेलच्या काचेतून तुमची कानटोपी दिसली. आत गेले, तर तुमच्यासमोर परातीएवढी जाळीदार, आंबूस पोळी, आपली आंबोळीच जणू, तिच्यावर मसुराची आमटी आणि पालेभाजी, आणि तुम्ही हाताने जेवताय! हॉटेल इथिओपियाच्या एका बाईंचं, तुमच्याच वयाच्या. "बाबा, इथे कसे आलात?" "काचेतून पाहिलं, लोक हाताने जेवत होते. म्हटलं, चला, माणसांत आलो." तेवढ्यात बाईंनी आंबोळीचा तुकडा तोडला, त्यात आमटी गुंडाळली आणि घास थेट तुमच्या तोंडाशी नेला. त्यांच्याकडे पाहुण्याला भरवायची रीत आहे. पुण्यात असताना बाहेरचं पाणीसुद्धा न पिणारे तुम्ही! पण तुम्ही तोंड उघडलंत. चावता चावता डोळे पुसलेत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "तिखट आहे."

नंतर तुम्ही रोजच जायला लागलात. तुम्ही मराठीत, त्या त्यांच्या भाषेत, आणि मिठावरून भांडणसुद्धा व्हायचं.

तुम्ही गेलात त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यानंतर मी पुण्यात परतले. इथे आता कोरियन, लेबनीज, काय म्हणाल ते मिळतं. नवीन हॉटेल निघालं की मी जाते, चार घास खाते आणि उठते. बरोबरच्या मैत्रिणी वैतागतात.

या खेपेला त्या गल्लीत गेले. बाई आहेत अजून, गुडघ्यांवर हात टेकून उठतात. मला ओळखलं त्यांनी. मोडक्या जर्मनमध्ये विचारलं, "बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत," मी म्हटलं.

"जेवतात ना नीट?"

"जेवतात."

पुढच्या महिन्यात पुन्हा जायचंय. त्या पुन्हा विचारतील आणि मी पुन्हा हेच सांगेन, बाबा. तुम्ही कसे आहात, हे आता दुसरं कुणीच मला विचारत नाही.