तीनशे ताटल्या कोण धुणार?

६ जुलै

कासवाच्या तोंडातून लिंबं निघाली. खरी नव्हेत, प्लास्टिकवर छापलेली.

सकाळी कोळ्यांच्या जाळ्यात मोठं कासव आलं. घशात काहीतरी अडकलेलं, त्याला गिळता येईना, टाकता येईना. जनावरांच्या डॉक्टरीणबाई बोटीनं आल्या, चिमट्यानं हळूहळू ओढत राहिल्या. वीतभर पातळ प्लास्टिक, त्यावर पिवळी लिंबं. धक्क्यावर सगळ्यांनी ओळखलं. पंधरा ऑगस्टला, माता मरियमच्या सणाला, देवळापुढच्या टेबलांवर आम्ही अंथरतो तेच ते. दर वर्षी जेवणं उरकतात तोच उत्तरेचा वारा सुटतो आणि अंथरलेलं प्लास्टिक, पेले, ताटल्या – सगळं समुद्रात. आम्ही हसत बघतो. मीही हसलेय.

"जेलीफिश समजून खाल्लं असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

७ जुलै

कासवाला सोडलं. मागे वळूनही पाहिलं नाही त्यानं. बरंच केलं.

१३ जुलै

सणाच्या समितीची बैठक. मी उभी राहिले. म्हटलं, यंदा प्लास्टिक नको. ज्यानं त्यानं घरून ताटली, पेला, काटा आणावा.

अध्यक्ष स्तामातिस. जन्म जहाजांच्या इंजिनघरात गेला, त्यामुळे साधं बोलणंही ओरडल्यासारखं. "एवान्थिया, अथेन्सहून येणारे पाहुणे काय बॅगेत ताटल्या भरून आणणार? तीनशे माणूस जेवतं. धुणार कोण?"

"मी."

काय बोलून बसले! शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं भांडी घासली, पण ती साठ पोरांची.

"लिहून घ्या," स्तामातिस म्हणाला. "तिनंच म्हटलंय."

१४ जुलै

पाठ आत्तापासूनच दुखतेय.

२ ऑगस्ट

शेजारच्या मोस्खुलाला घेऊन घरोघरी फिरले, पाहुण्यांसाठी जास्तीच्या ताटल्या मागत. एकशे अठरा जमल्या. प्रत्येकीच्या पाठीवर मालकाच्या नावाचं पहिलं अक्षर, नेलपॉलिशनं.

मोस्खुलानं स्वतःच्याही काढल्या. "सासूच्या लग्नातल्या आहेत गं. एक जरी फुटली तर म्हातारी थडग्यातून उठून येईल."

"मग नको देऊस."

"देते. येऊ दे, तीही जेवेल."

१४ ऑगस्ट

पाण्याचं काय करू? देवळाच्या टाकीत जेमतेम पिण्यापुरतं आहे. स्तामातिसला विचारायला गेले तर दोन दिवस घरी नाही. ऐन वेळी अध्यक्ष गायब.

१५ ऑगस्ट

हे सगळं लिहिलं पाहिजे, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

प्रार्थना आटोपून बाहेर आले तर झाडाखाली ताटल्या धुवायला मांडलेल्या माझ्या टबांशेजारी एक गंजका पंप धडधडतोय आणि पाइप थेट खाली समुद्रापर्यंत! शेजारी गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून स्तामातिस. दोन दिवस जुन्या बोटीतून हा पंप सोडवत बसला होता म्हणे.

"पहिलं पाणी खारं, शेवटचं गोडं. निम्म्याहून कमी लागेल," म्हणाला. "आणि बाजूला हो जरा. आयुष्यभर इंजिनाचं तेल धुतलंय मी. बकऱ्याच्या चरबीचं काय घेऊन बसलीस?"

टेबलांवर घराघरांतल्या चादरी, कडेनं दोरीनं बांधलेल्या. लोक जेवून ताटली ठेवायला यायचे आणि तिथेच थांबायचे. एकानं फडकं घेतलं, दुसऱ्यानं टब ओढला. थोड्या वेळानं नाचायला मैदानात कोणी उरलंच नाही. शेवटी व्हायोलिनवाल्यानं खुर्ची उचलली आणि आमच्याजवळ येऊन बसला. मी साबणाच्या हातांनी नाचले. एकसष्टाव्या वर्षी.

वारा आला तेव्हा चादरी फुगल्या, पोरं किंचाळत त्यांवर बसली. उडाली फक्त पाद्रीबाबांची टोपी. तीन ताटल्या फुटल्या. त्यांतली एक सासूबाईंची. मोस्खुलानं आधी छातीवर क्रूस काढला, मग पोट धरून हसली.

ऊन उतरल्यावर खाली किनाऱ्यावर गेले. स्तामातिस आधीच तिथे, दगडांमागे डोकावतोय.

"काही सापडलं?"

"काही नाही. एखादा पेला सापडला असता तर तुला ऐकवायला झालं असतं."

किनारा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाललो. काहीसुद्धा नव्हतं. इतकं बरं वाटलं की मी रडलेच. तो पलीकडे बघत उभा राहिला, मला सावकाश रडू दिलं.

१७ ऑगस्ट

ताटल्या परत केल्या. खोकी स्तामातिसनं उचलली, अक्षरं मी वाचली. अकरा घरांत अकरा कॉफ्या. शेवटी माझ्या दारात आलो तर म्हणाला, "बायको गेल्यापासून मी ताटली काढतच नाही. पातेल्यातच जेवतो. पाच वर्षं झाली."

मी दोन ताटल्या काढल्या. घेवडा होता, पाव होता. धुतल्या त्यानं.

२८ ऑगस्ट

पलीकडच्या बेटावरून फोन. आठ सप्टेंबरला त्यांचा सण, पाचशे माणूस. कासवाची गोष्ट डॉक्टरीणबाईंनी तिथेही पोचवलीय. "चादरी, ताटल्या आमच्या. तुम्ही दोघं पंप घेऊन याल का?"

'दोघं' म्हणाले. मी दुरुस्त केलं नाही.

६ सप्टेंबर

बोटीवर. बंदर अजून दिसत होतं तेव्हा स्तामातिसनं विचारलं, लग्न करू या का. वर म्हणाला, घाई नाही, परत येताना सांग.

परत यायला तीन दिवस होते. मी तिथल्या तिथे हो म्हटलं.