टी-शर्टावरचा वाघ

८ सप्टेंबर, सोमवार
पुन्हा मांजर! तिसरा टी-शर्ट वाया. डोळे मोठे काढले तर मांजर, मिशा जाड घातल्या तर बोका. आन् हे होजिअरीचं कापड — भरतकामाच्या रिंगमध्ये ताणलं तवा मस्त सपाट. रिंग काढली की वाघाच्या तोंडाले चुण्याच चुण्या. म्हातारा दिसते मेला.

नंदिनी जंगलाच्या गेटवर गाईड आहे, तिनंच काम आणलं. बाया गाईडांचे बारा टी-शर्ट, पाठीवर मशीनचं भरतकाम, वाघ पाहिजे. पावसाळा संपून एक ऑक्टोबरले गेट उघडते तवा घालाचे. सॅम्पल वीस तारखेपर्यंत. पसंत नाई पडलं तर नागपूरहून छापून आणतीन.

आजवर माह्या मशीनवर काय झालं? फॉल, पिको, आन् लोकायच्या पँटीच्या चेना. गावात एकीनं तरी म्हणावं ना — सत्यशीला भरतकाम करते!

९ सप्टेंबर
सुई तुटली. दुसरी लावली तं लाईन गेली. जय भीम, झोपा आता.

११ सप्टेंबर
जमलं! कापडाखाली जुन्या वहीचा कागद लावला, वरून शिवलं, मग कागद फाडून काढला. एक चुणी नाई! नाचावं वाटलं.

दाखवाले सासूकडं गेली. बुढीनं पाह्यलं आन् एवढंच म्हणे, "हे घरात ठेवू नको." पाठ फिरवून बसली.

मले समजते. बारा वर्षं झाली. दोघं तेंदूपत्ता तोडाले गेले होते. सासऱ्याले वाघानं नेलं, बुढी एकटी परत आली. तवापासून ह्या घरात 'वाघ' म्हणत नाईत, 'तो' म्हणतेत. तिनं काय पाह्यलं ते कोणालेच सांगितलं नाई. पंचनाम्याच्या वेळीबी तोंड उघडलं नाई.

समजते हो! पण मग मी काय काढू? ससा? राग येते, आन् त्या रागाची लाजबी वाटते.

१४ सप्टेंबर, रविवार
मशीन घरापुढच्या सपरीत आणली. कोंबडीनं पिवळं रीळ लोळवत अंगणभर नेलं.

नंदिनी येऊन गेली. "काकू, शिवण एकदम साफ आहे. पण हा वाघ होय का बोका?" हसली. मीबी हसली. ती गेल्यावर नाई हसली.

१७ सप्टेंबर
कान उसवले. घातले. पुन्हा उसवले. शेवटी टी-शर्टालेच भोक पडलं! मशीनवर चादर टाकली. उद्या नंदिनीले सांगून टाकीन, माह्यानं नाई होत. फॉल-पिकोच बरं. बसून रडली. बुढी समोरच तांदूळ निवडत होती.

१८ सप्टेंबर
सकाळी पाह्यलं तं मशीनवरची चादर काढलेली. बुढी मशीनपाशी बसून, भोकाचा टी-शर्ट मांडीवर.

"तोंड काऊन काढून राह्यली, बाई? पाठीकडून काढ. कानामागं पांढरा ठिपका असते. दोन्ही कानामागं."

मी म्हटलं, आई, तुमाले कसं माहीत?

"तुह्या सासऱ्याले घेऊन गेला तवा मले तेवढंच दिसलं."

मले पांढरं रीळ सापडत नव्हतं. तिनंच शोधून दिलं.