राक्षसाच्या पकडीचा नियम

४ मार्च
पुन्हा अडलो! मी रचलेल्या फाशांच्या खेळाचं नियमांचं पुस्तक महिनाअखेर छापायला जायचंय आणि राक्षसाच्या पकडीचं प्रकरण अजून लोंबकळतंय.
सध्याचा नियम असा — राक्षसाचा वार लागला की माणूस आपोआप पकडीत. जागचं हलायचं नाही. सुटायचं तर आपल्या खेळीला वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपली ताकद मिळवायची. बेरीज राक्षसाच्या ठरलेल्या आकड्याच्या वर गेली तर सुटका. राक्षसाला काहीच टाकावं लागत नाही. धरलं की धरलं.
काहीतरी खटकतंय. काय ते कळत नाही.

५ मार्च
चाचणीचा डाव. टेबलाशी तिघंच — मी, माझी बायको आणि पैलवान. ही मनोरुग्णालयात नर्स, तो तिच्याच वॉर्डात मदतनीस. अंगानं काडी, म्हणून पैलवान! हिला सिस्टर म्हणतो, म्हणून मी त्याचा दाजी.
दलदलीतल्या आठ हातांच्या राक्षसानं त्याच्या योद्ध्याला धरलं. फासा पडला दोन. मग पाच. मग तीन. "दाजी, फासा आहे का माझं नशीब?" पोट धरून हसलो.
ही हसली नाही. "तुझा राक्षस दमत कसा नाही रे? धरणारासुद्धा दमतो. आम्हाला वॉर्डात एका माणसाला धरायला पाच जण लागतात. त्यातला एक डोक्याशी — नुसता श्वास बघायला."
पटलं. दर खेळीला राक्षसानंही फासा टाकायचा!

९ मार्च
डाव रेंगाळतो. चार खेळ्यांची मारामारी नऊवर गेली. प्रकाशक फोनवर करवादला — "लोक खेळायला येतात, गणितं सोडवायला नाही." राक्षसाचा फासा काढून टाकला. हिला बोललो नाही.

१२ मार्च
ही दुपारीच घरी आली. चपला पायातच. हात धुतले. परत धुतले.
वॉर्डात एक रुग्ण गेला. तेवीस-चोवीस वर्षांचा. इंजेक्शन द्यायला पालथा धरला होता. माणसं कमी, चौघंच. डोक्याशी कुणी नव्हतं. पाठीवर पैलवान होता.
"मी पायांशी होते," एवढंच बोलली. जेवली नाही. मीही नाही.

१३ मार्च
चौकशी समिती बसली. पैलवानाला घरी बसवलं.

१५ मार्च
पैलवानाकडे जाऊन आलो. दार त्याच्या आईनं उघडलं आणि ती आत गेली. हा खुर्चीत, हात मांड्यांखाली दाबून.
"तो धडपडत होता, दाजी. मग थांबला. वाटलं, शांत झाला."
"मग लगेच सोडलं का नाहीस?"
"नाही सोडलं. एवढंच खरं." मग विचारतो, "सिस्टर जेवतात ना?"


१८ मार्च
लिहायला बसलो. "पकडीतल्या पात्राची हालचाल शून्य." खोडलं. परत लिहिलं. दोन वर्षं हे मी मजेत लिहीत होतो!
पकडीतल्यानं धडपड थांबवली तर? माझ्या नियमात त्याचा एकच अर्थ — हार मानली. दुसरा काही अर्थ असू शकतो, हे डोक्यातच आलं नाही कधी.
हे प्रकरण असं देणार नाही, प्रकाशकाला कळवलं. चिडला. चिडू दे.

२१ मार्च
हिची साक्ष उद्या. हिच्या वरच्या मेट्रनचा फोन — "तुम्ही पायांशी होता, तेवढंच सांगा. बाकीचं तो मदतनीस निस्तरेल." ही "बरं" म्हणाली.
मीही म्हटलं, "खोटं कुठाय? पायांशीच तर होतीस."
ही उठून भांडी घासत बसली — घासलेलीच!

२२ मार्च
समितीच्या खोलीबाहेरच्या बाकावर थांबलो होतो. आली, शेजारी बसली.
"तो पोरगा थांबला तेव्हा पैलवान सोडतच होता. हातही उचलले होते त्यानं. मीच ओरडले — नाटक करतोय, सोडू नकोस! सांगितलं आज त्यांना."
पैलवान हे कुणालाच बोलला नव्हता. मलाही नाही.