गच्चीवरचा काकवी रंग

प्रिय आक्का,

आज सोमवार, दुकानाची सुट्टी. तरी शटर अर्धं वर करून आत येऊन बसलोय. घरी बसून हे लिहिता आलं नसतं. मंगलनं विचारलं असतं, काय लिहिताय म्हणून, आणि मी कोटेशन लिहितोय म्हणून ठोकून दिलं असतं. खोटं बोलताना माझी जीभ अडखळत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

तू जाऊन दोन वर्षं होत आली. एवढ्या दिवसांत मी तुझ्याशी मनातसुद्धा बोललो नाही. टाळत होतो. पण परवा शनिवारी तुझी वैशाली दुकानात आली, दाजींना घेऊन, आणि मला पळायला जागा उरली नाही.

गारगोटीच्या तुमच्या घरावर तिनं एक खोली चढवलीय. खोलीपुढं थोडी मोकळी गच्ची राहिलीय, तिथं दाजींना संध्याकाळी बसता यावं म्हणून खाली फळ्यांसारखे बोर्ड टाकायचेत. शाळेत पोरांना शिकवते तशी ती नीट यादी करून आली होती. मी नमुने काढायच्या आतच तिनं गडद तुकडा उचलला. "मामा, हाच ना तुमच्या गच्चीवरचा? आईला तुमची गच्ची फार आवडायची. हाच द्या आम्हाला."

तुला आवडायची? हे तू तिला कधी सांगितलंस, आक्का? आणि कशासाठी सांगितलंस?

मी म्हणालो, तो माल संपलाय. माझ्या पाठीमागं त्याच रंगाची थप्पी छताला टेकली होती. वैशालीनं थप्पीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि तुकडा हळूच खाली ठेवला. दाजी काठीवर हनुवटी टेकून बसले होते. म्हणाले, "रंग बघायला ती पायजे होती." मग दोघं चहा न घेताच उठले.

आई गेली तेव्हा मी चौथीत होतो. तुझं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं, तरी तू मला गारगोटीला घेऊन गेलीस. दाजींनी मला कधी मेहुणा म्हणून वागवलं नाही. घरात एकच सायकल होती, ती मी कॉलेजला नेली आणि ते कामावर चालत गेले. हे मी विसरलो नव्हतो गं. विसरलो असतो तर बरं झालं असतं. सगळं आठवत असताना मी तसं वागलो.

कोल्हापुरात दुकान काढलं तेव्हा नुकते पीव्हीसीचे दरवाजे आले होते. लोक बोटानं टिचकी मारून बघायचे आणि हसायचे. तू दर शनिवारी एसटीनं यायचीस. तुझं शिवणाचं काम, साड्यांना फॉल-पिको. त्यामुळं दोऱ्याचा रंग जुळवण्यात तुझा हात धरणारं कुणी नव्हतं. साडी आणि दोरा घेऊन तू उंबऱ्यात जायचीस. ट्यूबच्या उजेडात रंग कळत न्हाय, म्हणायचीस. माझ्या दुकानातही तेच केलंस. बायका छताचे, दरवाजाचे रंग निवडायला आल्या की त्यांना तुकडे घेऊन फुटपाथवर उभं करायचीस. कॅटलॉगातली इंग्रजी नावं तुला पटत नव्हती. मोतिया, गव्हाळी, भाजक्या शेंगदाण्याचा, अशी तुझी नावं. गिऱ्हाईकं परत यायची ती तुझीच नावं घेत यायची. मी कौतुकानं सगळ्यांना सांगायचो, आमच्या आक्कांची नजर म्हणजे काय! नंतर दुकान वाढलं, काचेचं दार आलं, एसी आला, आणि तू फुटपाथवर उभी राहिलेली मला बरी दिसेना. शनिवारी गर्दी असते, तू दुसऱ्या वारी येत जा, असं मी सांगितलं. तू बरं म्हणालीस. दुसऱ्या वारी आली नाहीस.

मग ते गच्चीवर टाकायचे बोर्ड आले. एक लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून केलेला, एक निव्वळ पीव्हीसीचा. कोल्हापुरात कुणी बघितले नव्हते. मी ठरवलं, आधी आपल्याच घराच्या गच्चीवर टाकायचे आणि आर्किटेक्ट लोकांना जेवायला बोलवून दाखवायचे. रंग निवडायला तुलाच बोलावणं धाडलं. का? तुझं मत हवं होतं म्हणून, की तू रुसली नाहीस याची खात्री करून घ्यायची होती म्हणून?

तू आलीस तेव्हा तुझ्या पायांत जाड तळाची चप्पल होती. शुगरनं पाय बधिर झालेत, डॉक्टरांनी घरातसुद्धा चप्पल घालायला सांगितलीय, असं तू आल्या आल्या मंगलला सांगितलंस. मीही ऐकलं. माझ्या समोरच सांगितलंस.

नमुन्याचे सगळे तुकडे तू दुपारी बारा वाजता गच्चीवर ओळीनं मांडलेस आणि जेवायला खाली आलीस. जेवल्यावर मला वर घेऊन गेलीस. एकेका तुकड्यावर हाताची पाठ टेकवत गेलीस. गडद तुकड्यावरनं हात झटकन उचललास. कंपनीच्या कागदावर त्याचं नाव वेंगे होतं, तू त्याला काकवी म्हणालीस. "हा ऊन पितोय रं. पायाला चटका देणार. माझ्या पायाला कळत न्हाय म्हणून हातानं बघितलं." मग तांब्यातलं पाणी ओतून गुळगुळीत तुकडा आणि खाचांचा तुकडा बोटानं घासून बघितलास. "गव्हाळी घे, ह्यो खाचांचा. पावसात घसरणार न्हाय, उन्हात पोळणार न्हाय."

मी काय केलं? हसलो. गव्हाळी रंग शाळेच्या बाकासारखा दिसतो म्हणालो. आताच्या लोकांना गडद आणि चकचकीत लागतं, तुला त्यातलं कळायचं नाही, असंही म्हणालो. मंगल शेजारी उभी होती. तू तुकडे गोळा करून खोक्यात भरलेस. "तुझं घर हाय. तुला बरं दिसंल ते घाल," एवढंच बोललीस.

काकवी रंग घातला, गुळगुळीत. कागदावर छापलाय तसा दिसत होता. मी दोनदोन मिनिटांनी वर जाऊन बघायचो.

जेवण एप्रिलात ठेवलं. मटणाचा रस्सा तूच करणार हे कुणी ठरवावं लागलं नाही, तू आदल्या दिवशीच आलीस. अर्ध्या गच्चीवर मांडव घातला, अर्धी उघडी ठेवली, रंग उन्हात उठून दिसावा म्हणून. पाहुणे सावलीत बसले. वाढायचं टेबल मात्र उन्हात ठेवलं, कारण सावलीत जागा पुरेना. जिन्याच्या तोंडाशी मी पाटी लावली होती, बूट-चप्पल इथं काढा. मोज्यांतल्या पायांनी लोक बोर्डावरनं फिरत होते आणि खुश होत होते.

तू पातेलं घेऊन वर आलीस. पायांत चप्पल. पन्हाळ्याच्या हॉटेलाचं काम ज्यांच्याकडं होतं ते साहेब तुझ्या पायांकडं बघत होते. निदान मला तसं वाटलं. आणि मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, "आक्का, चप्पल बाहेर काढ. बोर्डावर डाग पडतील."

तू माझ्याकडं बघितलंस. किती वेळ बघितलंस गं! मला वाटलं आता सांगशील, डॉक्टरांनी नको म्हटलंय म्हणून. तू पातेलं टेबलावर ठेवलंस, जिन्यापाशी जाऊन चप्पल काढलीस, भिंतीला लावून ठेवलीस आणि परत आलीस. नंतर तासभर त्या टेबलापाशी उभी राहून वाढत होतीस. काकवी रंगावर, अनवाणी, भर उन्हात. साहेबांनी रस्सा दोनदा मागून घेतला. मी त्यांना सांगत होतो की हा बोर्ड तापत नाही.

पाहुणे गेल्यावर तू स्वयंपाकघरात भांडी लावत होतीस. फरशीवर तुझ्या पावलांचे ओले ठसे उमटत होते. मंगलला वाटलं रस्सा सांडलाय, ती फडकं घेऊन वाकली. मग तिनं तुला खुर्चीवर बसवून पाय उचलून बघितला. दोन्ही तळव्यांना फोड आले होते आणि ते फुटले होते. तुला पत्ताही नव्हता. "मला काय सुदिक लागत न्हाय," असं म्हणून तू उलट मंगलचीच समजूत काढायला लागलीस.

डॉक्टरांनी विचारलं, कशानं भाजलं? तू तोंड उघडायच्या आत मी बोललो. गरम पाणी सांडलं, म्हणालो. डॉक्टर म्हणाले, पाणी सांडलं तर पायाच्या वरच्या बाजूला भाजेल, तळव्याला कसं? सांडलेल्या पाण्यात पाय पडला, म्हणालो. पन्हाळ्याचं काम दोन दिवसांत ठरणार होतं. बोर्डानं माणूस भाजलं हे गावभर झालं तर संपलं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तुझा पाय डोक्यात नव्हता.

डॉक्टरांनी तुझ्याकडं बघितलं. तू म्हणालीस, "व्हय. माझंच ध्यान नव्हतं."

का म्हणालीस, आक्का? माझ्यावर तुझा हक्क होता. कान पकडायचा होतास तिथंच. तू गप्प राहून मला वाचवलंस असं तुला वाटलं असेल. पण तुझ्या त्या एका वाक्यानं मला आयुष्यभराची सोय करून दिली. मंगल आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. कुणाला सांगायचं नाही, अशी मी तिला तंबी दिली होती. मग हळूहळू तीही बोलायला लागली. सगळं सरळ होत गेलं. तुझा पाय सोडून.

डावा भरला. उजवा भरेना. आधी अंगठा काढला, मग पुढचा चवडा. पायमशीन चालवता येईना, म्हणून तू शिवण बंद केलंस. लोकांच्या साड्या परत करताना तू म्हणे प्रत्येकीला दोऱ्याचा रंग सांगून धाडलंस. हे वैशालीनं मला सांगितलं तेव्हा मी कौतुकानं मान हलवली.

आणि दाजी! मी भेटायला यायचो तेव्हा माझ्या देखत ते तुझ्यावर ओरडायचे. "उकळत्या पाण्यात पाय घालतीया. एवढं बी दिसू न्हाय माणसाला? वेंधळी ती वेंधळीच." त्यांचा तो राग म्हणजे काळजी होती, मला कळत होतं. तू मान खाली घालून पायावरचं फडकं सारखं करायचीस. मी समोर बसून पोहे खायचो. एकदा तर मी दाजींच्या बाजूनं बोललो. जपायला पाहिजे होतं आक्का, असं म्हणालो. आठवतंय तुला? मला रोज आठवतं.

तू गेलीस ती किडनीमुळं, असं डॉक्टर म्हणाले. मी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. पाय नव्हे, किडनी. कुणी विचारलं नाही तरी सांगायचो.

पन्हाळ्याचं काम मला मिळालं. काकवी रंग तिथंही घातला. माझ्या गच्चीवर मी हिरवी जाळी बांधून घेतली, कुंड्यांना ऊन लागू नये म्हणून, असं सांगतो. हा तापतो का, असं गिऱ्हाईकानं विचारलं की अजून परवापर्यंत माझं उत्तर एकच होतं, नाही.

परवा वैशाली तो तुकडा हातात घेऊन उभी होती तेव्हा मला दाजींचे पाय दिसले. घरी असतात तेव्हा ते अनवाणीच असतात. आणि तरी माझ्या तोंडातून निघालं काय, तर माल संपलाय! खरं बोलायची एवढी सोपी वेळ आली होती, आणि तिथंही मी खोट्यानंच निभावून नेलं.

आक्का, उद्या सकाळी मी गारगोटीला जाणार आहे. वैशाली शाळेला जायच्या आत पोचेन. दाजींच्या समोर बसून सांगेन की पाणी सांडलंच नव्हतं. चप्पल मी काढायला लावली, रंग मी निवडला, डॉक्टरांपुढं मी खोटं बोललो आणि तू ते निभावलंस. त्यांनी घरात घेतलं नाही तर दारात उभा राहून सांगेन, आळीनं ऐकलं तरी चालेल. मला माफ करा असं म्हणणार नाही, तेवढी माझी लायकी नाही. मला दाजींना एवढंच कळायला हवंय की त्यांची बायको वेंधळी नव्हती.

हे मी करेन. तुझ्यापाशी तरी खोटं बोलणार नाही.

तुझा,
दिन्या