राणीसारखी ठेवलेली बाई

मी, गिरजा मनसाराम नागापुरे, वय सत्तरच्या आसपास, धंदा मासेमारी (सध्या बंद पाडलेला), राहणार मौजा डोंगरहेटी, तालुका गोंडपिपरी, जिल्हा चंद्रपूर, डोके ठिकाणावर असताना आणि डोळ्यांना दिसत असताना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवते. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही असे लिहायची रीत आहे. जबरदस्ती आहे, पण लिहिण्याची नाही. घराबाहेर न पडण्याची आहे.

माझे यजमान मनसाराम गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात होते. त्यांनी हे घर बांधले आणि माझ्या नावे केले. आम्हाला मूलबाळ नाही. ते वारल्यावर माझ्या दिराचा मुलगा मिथुन आणि त्याची बायको रीता माझ्याकडे राहायला आले, म्हातारीला आधार म्हणून. गेल्या दिवाळीच्या सुमारास मी घराचे कागद पिशवीत घालून, घराचे पुढे काय ते कायद्याने लिहून ठेवायला, गोंडपिपरीच्या बसमध्ये बसले. मिथुनने मला फाट्यावर उतरवून परत आणले आणि गावात सांगितले, "मोठीमायचं डोस्कं फिरलं, कुठीबी भटकते." त्या दिवसापासून मी समोरच्या खोलीत आहे. रस्त्याकडच्या दाराला बाहेरून कडी, मधले दार पलीकडून बंद. कुलूप नाही. कुलूप लावले तर लोक बोलतील एवढी अक्कल त्याला आहे. नुसती कडी आहे, येणाऱ्या-जाणाऱ्या कोणाचाही हात पोचेल अशी, आणि आजवर कोणाचा पोचला नाही.

माझे डोके फिरले असे कोर्टात कोणी म्हटले, तर मला राणीची मालिका विचारावी. टीव्हीवर रविवारी सकाळी लागायची, गावात टीव्ही एकच, आमचा. अंगणात सारे गाव बसायचे, लाईन गेली की ट्रॅक्टरची बॅटरी लावायची. मला पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ आहे. कोण काय बोलले तेही पाठ आहे, आणि वाटण्या मी त्यावरूनच करणार आहे.

कलम पहिले. जुना काळा-पांढरा टीव्ही आणि छपरावरचा ॲन्टेना, दर रविवारी आमच्या अंगणात मालिका पाहायला येणाऱ्या चैतूला द्यावा. चैतूचे मत असे होते की मालिकेत घोडे कमी आणि रडारड जास्त. राणी बोलायला लागली की तो बिडी प्यायला उठायचा आणि टापा ऐकू आल्या की धावत यायचा. त्याने राणीबद्दल कधी चांगले-वाईट काही म्हटले नाही, म्हणून त्याच्यावर माझा राग नाही. टीव्ही चालत नाही, हे त्याला आधी सांगावे.

कलम दुसरे. माझा सागवानी पलंग शेजारीण शकुबाईला द्यावा, परंतु एका अटीवर. ती अट समजायला मालिकेतली गोष्ट सांगावी लागते.

राजा मेल्यावर पुतण्याने राणीला तिच्याच महालात कोंडले. जगाला सांगितले, काकीसाहेबांच्या जिवाला धोका आहे, जपून ठेवले आहे. मग एक म्हातारी दासी चोरदरवाजा उघडते. राणी उंबऱ्यापर्यंत येते, बाहेर पाहते, आणि माघारी फिरते. म्हणते, मी घर सोडणार नाही. त्या रविवारी आमच्या अंगणात टाळ्या पडल्या. बाया पदराने डोळे पुसत होत्या. शकुबाई म्हणाली, "अशी पायजे बाई. खानदानी. मरन पण उंबरा नाई ओलांडनार." मी एकटी म्हणाले, "येडी हाय तुमची राणी. दार उघडं होतं, तं जावाचं होतं." सगळ्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जशी मी देवाला शिवी दिली. मनसाराम म्हणाले, "नाटक हाय ते, भाकर वाढ."

आता तीच शकुबाई माझ्या खिडकीशी येते, गज धरून गप्पा मारते आणि म्हणते, "किती जपते पोरगा तुले. राणीसारखी ठेवली." मी म्हटले, "शकू, कडी काढ." ती म्हणाली, "काऊन? कुठी जाशीन या वयात?" आणि घरी गेली. मला त्या दिवशी मिथुनपेक्षा तिचा संताप जास्त आला. तर अट अशी: पलंग हवा असेल तर शकुबाईने या खोलीत, बाहेरून कडी लावून, त्यावर झोपून दाखवावे. सकाळी ती काय म्हणते ते ऐकून पलंग द्यावा.

कलम तिसरे. माझे जाळे आणि तलावातली माझी जागा. आमच्या गावात उन्हाळ्यात पाणी उतरले की सगळे मिळून तलाव धरतात, म्हणजे एकाच दिवशी उतरून मासे काढतात. जे माणूस स्वतः पाण्यात उभे राहील त्याचाच वाटा निघतो, घरी बसणाऱ्याचा निघत नाही. यजमान गेल्यावर मी स्वतः उभी राहिले आणि पंचांनी माझ्या नावाने वाटा काढला. कोंडल्यावर माझा वाटा आपोआप बुडाला, मिथुनला वेगळे काही करावे लागले नाही. ते जाळे रीताला द्यावे. तिने मिथुनच्या मागे टोपले धरून उभे न राहता जाळ्यानिशी स्वतःच्या नावाने उभे राहावे.

कलम चौथे, आणि हेच मुख्य. राहते घर, मागची वाडी आणि विहिरीतला हिस्सा मी रीता मिथुन नागापुरे हिला देते. तिला एकटीला. नवऱ्यासोबत नाही.

याचे कारण लिहिते. हल्ली ती मालिका दुपारी पुन्हा लागते. मधल्या दाराच्या फटीतून मला मिथुनचा नवा टीव्ही अर्धा दिसतो, रीता पलीकडे बसून पाहते. दासीचा तो भाग लागला तेव्हा मी वाट पाहत होते की हीसुद्धा राणीची वाहवा करेल. तिने विचारले, "मोठीमाय, मंग त्या दासीचं काय झालं?" मालिकेत ती पुन्हा दिसलीच नाही. एवढ्या गावाने पाहिले, एवढी मते दिली, मीही तोंड वर करून बोलले, पण हे कोणाला सुचले नव्हते.

पुढे एकदा मिथुन बाहेरगावी असताना रीताने रस्त्याकडून येऊन कडी काढली. म्हणाली, "जा मोठीमाय, बस उभी हाय." मी एक पाय बाहेर टाकला. मग तिच्या तोंडाकडे पाहिले. मिथुनने तिला सांगून ठेवले आहे की कडीला हात लावलास तर कायमची माहेरी पोचवीन, आणि तिच्या माहेरी बाप नाही, भाऊ विचारत नाही. मी म्हटले, "तुयं काय होईन?" ती म्हणाली, "माह्यं मी पाहीन." मी पाय आत घेतला आणि तिलाच कडी लावायला सांगितली. राणीला मी येडी म्हटले होते. तिच्या मनात काय होते मला माहीत नाही, पण त्या दिवशी मी पोटभर रडले.

घर रीताचे झाले की तिला कोणी कुठे पोचवू शकणार नाही. मिथुनला घरात ठेवायचे की नाही, हे तिने ठरवावे. मी सल्ला देत नाही, सल्ल्याने फार बाया बुडाल्या आहेत.

कलम पाचवे. रस्त्याकडच्या दाराची बाहेरची कडी उपटून मिथुनच्या हातात द्यावी. माझ्या मालमत्तेतला त्याचा वाटा तोच.

कलम सहावे, साक्षीदारांबाबत. यजमानांच्या चुलत्याचे मृत्युपत्र कोर्टात पडले, कारण साक्षीदार म्हणाले की आम्ही सही होताना पाहिली नाही. म्हणून माझे साक्षीदार आत येऊन माझ्यासमोर बसतील. खिडकीतून केलेली साक्ष मला मान्य नाही. खिडकीला मी आतून पोते ठोकले आहे, बाहेरून काही दिसणार नाही. ज्याला साक्ष द्यायची त्याला कडी काढावीच लागेल, आणि ती काढणारी रीता नसेल.

आज तलाव धरला आहे. मिथुन आणि रीता सकाळीच पाण्यात उतरले असतील, गावही तिकडेच आहे. जंगलाकडच्या टोल्यावरची, म्हणजे तिथल्या लहान वस्तीतली, बुधरी अशा दिवशी मासे विकायला लवकर परतते आणि जाता जाता मला खिडकीतून मूठभर देते. मालिकेच्या वेळी ती कुंपणाबाहेर उभी राहून पाहायची, तिचे मत कोणी विचारले नाही. तिला मी काही देत नाही, कारण साक्षीदाराला दिलेले बाद होते. ती कडी काढेल की नाही, मला ठाऊक नाही. नाही काढली तर हा कागद कोराच समजावा, आणि मी आहे तिथेच आहे.

सही: गिरजा मनसाराम नागापुरे
स्थळ: डोंगरहेटी, समोरची खोली
दिनांक: १८ मे २००३

साक्षीदार पहिला: पोचू लिंगा कस्तुरे, आटाचक्कीवाला. दार उघडे दिसले म्हणून आत आलो. गिरजाबाईने आम्हा दोघांसमोर सही केली. पूर्ण शुद्धीवर आहे, माझ्या अक्षराला नावे ठेवली.

साक्षीदार दुसरी: बुधरी कोलू मडावी, निशाणी डाव्या हाताचा अंगठा. तिने सांगितले ते तिच्याच शब्दांत पोचूने लिहिले: "कडी मीनं काढली. रीता तवा तलावात उभी होती, साऱ्या गावानं पायली. तिचा हात लागला नाई."